पाटा

माळा आवरताना वीस लिटरचा हिरवा जेरीकॅन हाती आला आणि त्याने नकळत झाकणाची कडी उघडली. इतक्या वर्षांनीही आत पेट्रोलचा वास होता. खाली पुतण्या मोबाइलवर गाड्या बघत बसलेला. त्याला पुण्याहून लेहला जायचं होतं. "काका, कुठली घेऊ?" आठवडाभरात तिसऱ्यांदा विचारत होता.

उत्तर द्यायला गेलं की काकाला पांग आठवतं.

१९९८चा जुलै. मनाली-लेह रस्त्यावर, सुमारे ४,६०० मीटर उंचीवर, तंबूंची एक ओळ. त्याच्या जिप्सी गाडीचा मागचा डावा पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, मोडला होता. गाडी त्या अंगावर बसली होती आणि टायर पत्र्याला घासून काळी पूड गळत होती. दोष गाडीचा नव्हता. टपावरच्या कॅरियरवर त्यानेच दोन जादा स्टेपन्या, भरलेले जेरीकॅन, तंबू, घडीचं टेबल असं सगळं आवळून बांधलं होतं. पेट्रोलची तरतूद तरी गरजेची होती. टाकी ४० लिटरची, आणि तांडीच्या पंपावर पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. पण टेबल?

कॅरियरवरचा त्याचा राग अजून गेलेला नाही. वजन जितकं वर, तितकी गाडी वळणावर झुलते आणि प्रत्येक खड्ड्यात ते सगळं ओझं पाट्यांवर आदळतं. गाडी घेताना लोक इंजिनाची ताकद विचारतात. ती किती ओझं पेलते आणि ते कुठे ठेवायचं, हे विचारणारा माणूस त्याला क्वचितच भेटला.

दुसरा प्रश्न त्याला एका जुन्या मोहिमेबद्दल वाचून सुचला. १९३१ साली सिट्रोएन या मोटार कंपनीची मोहीम बैरुतहून पेकिंगकडे निघाली. गाड्या खास बांधलेल्या, पुढे चाकं आणि मागे रबरी पट्टे. काश्मीरमधून गिलगिटकडे जाताना दरड कोसळून वाट तुटली, तेव्हा गाडी सुटी करून हमालांच्या पाठीवरून नेण्याची पाळी आली. दोन गाड्या गिलगिटला पोचल्या, पण पुढे गाडीवाट नव्हती. त्या तिथेच सोडून माणसं घोड्यांवरून चीनकडे गेली. हे वाचल्यापासून कुठलीही नवी गाडी दिसली की त्याच्या मनात हाच प्रश्न येतो: हिचं काय काय सुटं होतं?

पांगच्या मिस्त्रीकडे जिप्सीचा पाटा नव्हता. त्याने सपाट दगडावर जॅक ठेवून गाडी उचलली, चाक काढलं, भेगेवरची माती बोटाने पुसली. मग भंगाराच्या ढिगातून एक तुटका पाटा शोधून आणला, हाताला फळी बांधावी तसा भेगेखाली धरला आणि दोन यू बोल्टांनी आवळला. प्रत्येक नट पिळताना तो श्वास रोखून धरायचा. शेवटी पान्याने पाट्यावर टकटक केली, कान लावला आणि बोटाने टपाकडे दाखवलं. हे उतरवा.

त्या जोडावर गाडी ५,३०० मीटरहून उंच तांगलांग ला ओलांडून लेहला पोचली, ताशी वीसच्या वेगाने. म्हणून पुतण्याने ती गाडी घ्यावी, जिचे पाटे, बेल्ट आणि नळ्या वाटेवरचा मिस्त्री ओळखतो. लॅपटॉप लावल्याशिवाय जिचा आजार कळत नाही, ती गाडी पांगला कोणाच्या हवाली करणार?

त्या दिवशी पांगला सामान उतरवायला बायको पुढे झाली. टेबल, खुर्च्या, एक स्टेपनी तंबूवालीकडे ठेवली. कुकरला मात्र तिने हात लावू दिला नाही. पाच लिटरचा, चांगला जड. तिथे पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. तंबूवालीनेही आपला काळवंडलेला कुकर दाखवला, आणि दोघी शिट्ट्यांचा हिशेब करत बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बोटांवर मोजणं चाललं होतं. बाहेर तो पाट्यापाशी उकिडवा बसून पुन्हा पुन्हा नट चाचपत होता.

जेरीकॅन घेऊन तो माळ्यावरून उतरला. पुतण्या गाड्यांचे फोटो पुढे करणार, तेवढ्यात त्याने स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, "अगं, तो पांगचा कुकर कुठल्या फडताळात आहे?"