पाच-वीस चौदा

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. "टायर गेलाय. आम्ही दोघं ठीक आहोत. बोगदा सोडला, शिरवळच्या अलीकडे कडेला उभे आहोत. तू येऊ नकोस, स्टेपनी लावून निघतोच."

मी अर्थातच निघालो. पुण्याहून पोचेपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात बाबांना स्टेपनी लावता आली नव्हती. जॅक लागला होता, पण व्हील पाना उजव्या हाताने दाबला जात नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. आई रस्त्यापासून लांब, एका झाडाखाली पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला बघून फक्त एवढंच म्हटलं, "ट्रक मागेच होता रे."

गाडी आमची प्रीमियर पद्मिनी. १९८६ साली आजोबांनी घेतलेली. घरात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, 'फियाट' म्हणतात, आणि ते चूकही नाही. मूळची ती फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव तेवढं बदललं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे स्प्रिंग, मागे पाटे. पॉवर स्टिअरिंग नाही. हे शेवटचं वाक्य त्या दिवशी मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

गेलेला टायर पाहिला तर त्याच्यावरची रबराची पट्टी सालीसारखी निघून आली होती. गंमत म्हणजे त्या पट्टीवरची नक्षी चांगली खोल होती. बाबा तेच सांगत होते, "अरे, नवाच तर आहे. किती चाललाय असा?" मी टायरच्या बाजूवरचा कोड शोधला. त्यातले शेवटचे चार आकडे ११०९, म्हणजे २००९ सालचा अकरावा आठवडा. हे टायर घालायला मीच बाबांबरोबर गेलो होतो, सहावीत होतो. सोळा वर्षांत गाडी फारशी चाललीच नव्हती, त्यामुळे नक्षी झिजली नाही. पण रबर काही किलोमीटर मोजून म्हातारं होत नाही. ऊन, हवा आणि वर्षं त्याला आतून कडक करत राहतात. टायर बनवणारे सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कशीही असो, काढून टाका. आम्ही सहा वर्षं उशीर केला होता. स्टेपनीचा कोड तर मी बघितलाच नाही. तिच्यावरच पुण्यापर्यंत यायचं होतं.

त्या रात्री मी जे कुठलाही सॉफ्टवेअरवाला करेल ते केलं. एक्सेल उघडलं.

पद्मिनीच्या टायरचं माप ५.२०-१४. टायरवाले त्याला 'पाच-वीस चौदा' म्हणतात. ५.२० इंच ही टायरची रुंदी, १४ इंच हा रिमचा व्यास. टायर उभा किती, हे यात कुठेच लिहिलेलं नाही. आजच्या टायरवर ते लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ १६५/८० आर १४. रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि रिम १४ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. कुणी असा डेटा फॉर्मॅट माझ्याकडे रिव्ह्यूला पाठवला असता तर मी परत पाठवला असता. पण जुन्या मापाची गंमत त्याहून जास्त आहे. तिथे उंची लिहिलेली नाही, कारण त्या काळातल्या या जातीच्या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच, जवळपास ९५ टक्के असे. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून कुणी लिहिलं नाही. आम्हीही कोडमध्ये हेच करतो आणि मग दहा वर्षांनी नवीन आलेला मुलगा शिव्या घालतो. इथे तो मुलगा मी होतो.

तर हिशेब असा. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात टायरची उंची दोनदा मिळवायची, वर आणि खाली. पाच-वीस चौदाचा एकूण व्यास येतो ६१० मिलिमीटरच्या आसपास. हा आकडा धरून ठेवणं महत्त्वाचं, कारण स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. लहान चाक बसवलं तर काटा जास्त वेग दाखवणार, इंजिन उगाच जास्त फिरणार आणि गाडी जमिनीला जवळ येणार. १४ इंची आहे म्हणून उद्या कुणी १५५/६५ आर १४ बसवला, तर त्याचा व्यास ५५७. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी पंचावन्नच्या आत असेल आणि पोट अडीच सेंटिमीटर खाली येईल. रिम जुळला म्हणजे टायर जुळला असं नाही.

मी बाजारात मिळणारी मापं एकाखाली एक लिहिली आणि ६१० पासूनच्या फरकाला रंग दिले. १६५/८० आर १४, म्हणजे स्विफ्ट-डिझायरला येतो तो, ६२० भरला. दीड टक्का मोठा, पिवळा. १८५/७० आर १४ भरला ६१५. एका टक्क्याच्या आत, हिरवा. १५ इंची अलॉय घालून १९५/६० आर १५ घेतला तर तोही ६१५, हिरवा. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर पकड जास्त, रेडियल म्हणजे पावसात ब्रेक चांगला. मी बाबांना फोन करून सांगितलं, "आपण अपग्रेड करतोय."

बाबा म्हणाले, "आहे तेच आण ना."

"ते साठ वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान आहे बाबा."

"गाडीही तेव्हाचीच आहे."

मला तेव्हा हे वाक्य शिक्षकाचं उत्तर वाटलं. बाबा तीस वर्षं गणित शिकवत होते, त्यांना वाद संपवणारं वाक्य नेहमीच सापडतं.

पुढचे दोन शनिवार मी पुण्यात टायरची दुकानं फिरलो. पाच-वीस चौदा म्हटल्यावर बहुतेकांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागे उभ्या गाडीकडे बघितलं. ती अर्थातच माझी दुसरी, भाड्याची होती. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर या मापाला रोजचं गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली. एका दुकानदाराने ऑर्डर देऊन मागवतो म्हटलं, आठवडा लागेल. दुसऱ्याने मला १५ इंची अलॉय दाखवले. सुरेख होते. बोल्ट चारच होते, पण त्यांचं वर्तुळ पद्मिनीशी जुळत नव्हतं. तो सहज म्हणाला, "भोकं जरा मोठी करून बसवून देतो, कळणारही नाही." महामार्गावर चाक ज्या बोल्टांवर टिकून असतं त्यांच्या बाबतीत 'कळणारही नाही' हे ऐकून मी तिथून निघालो. अलॉयची ओळ एक्सेलमधून काढून टाकली. राहिली हिरवी ओळ, १८५/७० आर १४.

साताऱ्याला आमचे एक मिस्त्री आहेत. त्यांनी आजोबांच्या वेळेपासून ही गाडी बघितली आहे. मी त्यांना एक्सेल दाखवलं नाही, नुसतं माप सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या रिमवर नाही बसायचा. रिम जेमतेम चार इंचाचा. टायर चिमटीत धरल्यासारखा होईल, मध्ये फुगेल." रिमच्या रुंदीचा रकानाच मी केला नव्हता. मग म्हणाले, "एकाने रुंद रिम करून घेतले होते, टायरसकट पडून आहेत दोन. पुढे लावून बघा आणि ठरवा."

लावले. गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली. मी फोटो काढले. आणि बाबा चालवायला बसले.

वर्कशॉपच्या आवारातून गाडी बाहेर काढायला एक वळण घ्यावं लागतं, जागा कमी म्हणून जवळजवळ उभ्या गाडीतच स्टिअरिंग फिरवायचं. बाबांनी उजव्या हाताने सुरुवात केली, मग थांबले. डावा हात वर घेतला. थोडं फिरवलं, परत थांबले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आई माझ्या शेजारी उभी होती, ती हळूच म्हणाली, "त्याला खांद्यातून होत नाहीये." मग चाक पूर्ण वळलं तेव्हा आतून घासल्याचा आवाज आला, टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लागत होता. मिस्त्री खाली वाकून बघायला लागले. मी मात्र बाबांच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो.

नंतर मिस्त्रींनी चाकामागे बोट दाखवून समजावलं. चाक वळतं ते एका ठरलेल्या रेषेभोवती. मूळ टायरची मधली रेघ जमिनीवर त्या रेषेच्या जवळ टेकते. रुंद रिममुळे टायर बाहेर सरकतो, मग तो जागच्या जागी फिरत नाही, रस्त्यावर घासत फिरतो. वर रबर रुंद. हे सगळं ओढायचं कुणी? इंजिन तर मदत करत नाही. १३२ मिलिमीटर रुंद टायर, मोठं थोरलं स्टिअरिंग व्हील आणि माणसाचा खांदा, यांचा मेळ ज्याने घातला त्याने तो एकदम घातला होता. माझ्या एक्सेलमध्ये व्यास होता, रुंदी होती, किंमत होती. गाडी कोण चालवणार हा रकाना नव्हता.

मला वाईट वाटलं ते चुकल्याचं नव्हे. चूक होते, मागे घेता येते, बोल्ट चारच असतात. वाईट याचं वाटलं की बाबा काहीच बोलले नसते. मी कौतुकाने आणलं म्हणून त्यांनी ते टायर ठेवून घेतले असते, आणि मग हळूहळू गाडी बाहेर काढणं कमी केलं असतं. शेवटी मीच म्हटलं असतं, बाबा आता चालवत नाहीत.

मग खरी निवड दोनच गोष्टींत राहिली. मूळ रिमवर १६५/८० चा रेडियल, किंवा तोच जुन्या पद्धतीचा नायलॉनचा पाच-वीस चौदा. रेडियलला चार इंची रिम चालतो, पण अगदी खालच्या टोकाला. शिवाय जुन्या रिमला आतल्या बाजूला तो बारीक उंचवटा नाही, जो ट्यूबलेस टायरची कड जागेवर अडवून ठेवतो. म्हणजे रेडियल घेतला तरी आत ट्यूब घालायचीच. फायदा खरा होता, पावसातली पकड. तोटाही खरा होता, सव्वा इंच जास्त रुंदी आणि तो खांदा. आणि रेडियल घेतला तर पाचही घ्यायचे. एकाच ॲक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन हे कधीच करायचं नाही, ब्रेक मारला की दोघं वेगवेगळं वागतात.

आम्ही घरी बसून ठरवलं, आणि या वेळी आईही बसली. पाच-वीस चौदाच घ्यायचे, पाचही नवे. पण मग नायलॉनच्या टायरकडून रेडियलची कामं मागायची नाहीत. साठच्या वर वेग नाही. पावसात महामार्ग नाही. पुण्याला यायचं तर एसटीने, नाहीतर मी न्यायला येतो. पहिल्या दोन गोष्टी बाबांनी लगेच मान्य केल्या. तिसरीला वेळ लागला. आई म्हणाली, "मागे ट्रक होता तो मी बघितलाय, तुम्ही नाही." मग तीही झाली.

टायर आले तेव्हा दुकानात मी पाचही टायरवरचे आकडे वाचले. एक दोन वर्षं जुना निघाला, तो बदलून मागितला. दुकानदार वैतागला, "साहेब, नवा कोरा आहे, नक्षी बघा." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाले, "नक्षीचं काही नसतं हो त्यात."

गाडीच्या डिक्कीत आजोबांच्या वेळेपासून एक वही असते, ऑइल, बॅटरी, टायर कधी बदलले ते लिहायची. बाबांनी त्यात तारीख, किलोमीटर आणि खाली 'परत बदलणे : २०३१, चालली असो वा नसो' असं लिहिलं. गाडीची नोंदणी २०२६ मध्ये पुन्हा नव्याने करायची आहे, दर पाच वर्षांनी करावी लागते. तिथे नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या वर आहे ना, हे बघतील. टायरचं वय आम्हालाच बघायचंय.

नायलॉनच्या टायरची एक खोड आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की जिथे टेकते तिथे टायर थोडा चपटा होतो आणि सकाळी पहिली काही मिनिटं गाडी ठकठक करत चालते. दिवाळीत थंडी होती, आम्ही तिघं सकाळी बाहेर पडलो. बाबांनी फाटकातून बाहेर पडताना एका दमात वळण घेतलं, उजव्या हाताने. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "चौकोनी चाकं आणलीत का रे?"

बाबा म्हणाले, "थांब, वाढे फाट्यापर्यंत गोल होतील."