सशाची साक्ष

सेंट पीटर्सबर्ग येथील सैनिकी वैद्यकीय अकादमीत १९१३ साली काही सशांना सूर्यफुलाचे तेल दिले जात होते. एका गटाच्या तेलात अंड्याच्या बलकातून वेगळे काढलेले शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवलेले असे, तर दुसऱ्या गटाच्या वाट्याला नुसते तेल. पुढे पहिल्या गटातील सशांच्या महारोहिणीच्या आतल्या भिंतीवर पिवळसर थर आढळले. दुसऱ्या गटाच्या रोहिण्या स्वच्छ होत्या. प्रयोग करणारे निकोलाय अनिच्कोव्ह यांनी तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती.

या प्रयोगाची वाट एका चुकीच्या तर्कातून निघाली होती. मांसाहारातील प्रथिनांमुळे म्हातारपण लवकर येते, असा एक विचार त्या काळी मांडला जात होता. त्याचा पडताळा पाहण्यासाठी याच अकादमीतील इग्नातॉव्हस्की यांनी १९०८ मध्ये सशांना मांस, दूध आणि अंडी चारली. रोहिण्या खरोखरच बिघडल्या आणि दोष प्रथिनांवर आला. नंतरच्या प्रयोगांत अंड्यातील पांढरा भाग निर्दोष सुटला आणि बलक तेवढा सापडला.

मराठी परिभाषाकारांनी हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी हे नक्षत्राचे सुंदर नाव दिले. तिच्या रोगाचे पाश्चात्त्य नाव मात्र ग्रीकांच्या पेजेवरून आले आहे. चिरलेल्या रोहिणीतून निघणारा मऊ, पिवळट लगदा ज्यांनी पाहिला, त्यांना तीच उपमा सुचली. हा लगदा म्हणजे वयाची झीज, जुन्या भिंतीचा पोपडा, अशीच तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती. जर्मन रसायनज्ञ विंडाउस यांनी १९१० साली त्यात निरोगी रोहिणीच्या वीसपटीहून अधिक कोलेस्टेरॉल मोजले होते. तरी ते कारण की परिणाम, हा प्रश्न उरलाच होता.

सशाने त्याचे उत्तर दिले, पण ती साक्ष ग्राह्य धरली गेली नाही. इतरांनी तोच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला, तेव्हा काहीच घडले नाही. हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून ते बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तातील पातळी चढत नाही. निष्कर्ष मात्र असा निघाला की, ज्या प्राण्याला जन्मात अंडे ठाऊक नाही, त्याच्यावरून माणसाचे काय ठरवायचे? आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. माणसाच्या ताटातील आणि रक्तातील कोलेस्टेरॉलचे नाते सशाइतके सरळ नाही. पण रक्तातील पातळी चढली तर रोहिणीचे काय होते, हे ससा सांगत होता आणि ते ऐकायला कोणी थांबले नाही. यात कित्येक दशके गेली.

मधल्या काळात रोग आपले काम करीतच होता. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय २२ होते. लढाईवर धाडण्याइतकी ही निरोगी मुले, आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत रोगाच्या खुणा होत्या. म्हातारपणाचा सिद्धान्त या मुलांपुढे टिकण्यासारखा नव्हता.

कोलेस्टेरॉल हे काही बाहेरून आलेले विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्ताम्ले आणि कितीतरी संप्रेरके त्याच्यावाचून घडत नाहीत. त्यातले बरेचसे शरीर स्वतःच तयार करते. रक्तात ते प्रथिनांच्या वेष्टनातून फिरते. त्यांपैकी कमी घनतेचे कण फार झाले, की ते रोहिणीच्या अस्तरात शिरून अडकतात. त्यांना उचलायला पांढऱ्या पेशी धावून येतात, खाऊन खाऊन फेसासारख्या फुगतात आणि तिथेच मरतात. अनिच्कोव्ह यांनी या फुगलेल्या पेशी ओळखल्या होत्या. साफसफाईला आलेल्यांच्याच प्रेतांचा तो ढीग असतो. वर्षानुवर्षे तो दुखत नाही की खुपत नाही. एके दिवशी त्याचे कवच फुटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते.

माणसातला पुरावा मिळाला तो दुर्दैवी मुलांकडून. जन्मतःच रक्तात अफाट कोलेस्टेरॉल असलेल्या आणि बालपणीच हृदयविकाराचे झटके येणाऱ्या मुलांच्या त्वचेतील पेशी डॅलस येथे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी तपासल्या. ते कण रक्तातून उचलून घेणारे ग्राहक त्या पेशींवर नव्हते किंवा निकामी होते. या शोधाला १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदराने आणखी एकदा चकवले. जपानमधील अकिरा एन्डो यांना १९७३ साली एका बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले, पण उंदरांवर त्याचा काहीच गुण दिसेना. मग ते अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना दिले गेले, आणि त्यांच्या रक्तातील पातळी झपाट्याने उतरली. त्याच जातीच्या एका औषधाची ४,४४४ हृदयरोग्यांवर स्कँडिनेव्हियात चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला: औषध घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले होते. अनिच्कोव्ह त्याच्या ३० वर्षे आधी, १९६४ साली, लेनिनग्राडमध्ये निवर्तले होते.