होडीत मागे सरता येत नाही

वेतन आयोगाची थकबाकी हाती आली आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. सौभाग्यवतींना स्वयंपाकघराचा नवा ओटा हवा होता. मला पक्षी टिपायला टेलिफोटो लेन्स. "ओटा थांबेल," ती अखेर म्हणाली, "पण एकच घ्या, आणि पारखून घ्या." म्हणून दोन लेन्सा भाड्याने आणून जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही उभयता भिगवणला पोहोचलो.

पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर हे गाव शंभरेक किलोमीटर. भीमेवर उजनीचे धरण झाले, गावे-शेते पाण्याखाली गेली, आणि त्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरू लागले. आता तिथले कोळी जाळ्याबरोबर आमच्यासारखी माणसेही होडीत घेतात.

उजेड जेमतेम होता. मी आधी प्राइम लावली: ३०० मिलिमीटर, एफ ४. दुसरी १०० ते ४०० ची झूम. पुरी लांबवली की एफ ५.६, म्हणजे निम्माच प्रकाश. त्या झुंजुमुंजूत प्राइमने कमाल केली. मान उलटी करून चिखल गाळणारा रोहित असा रेखीव आला, की चोचीवरचा थेंब मोजून घ्यावा! मनात म्हटले, ठरले.

तोच नावाडीमामा म्हणाले, "सायेब, आता उठत्याल." पाण्यावर धावत धावत थवा उडाला आणि थेट आमच्या डोक्यावर आला. माझ्या चौकटीत नुसते पाय आणि पंख! जमिनीवर असतो तर चार पावले मागे सरलो असतो. होडीत कुठे सरणार?

एव्हाना ऊन वर आले होते. प्रकाशाची ददात नव्हती. झूम लावली. थवा फिरून आला तेव्हा तो सबंध मावला. मग सहज समोर पाहिले. सौभाग्यवती डोक्यावरून शाल घेऊन हसत होती. मागे रोहितांची पुसट गुलाबी रेघ. शंभरावर आणून बटण दाबले. तीनशेच्या प्राइममध्ये नुसते नाक-डोळे आले असते.

ज्याला नेमका एकच पक्षी हवा, त्याने प्राइम घ्यावी. मी झूम घेतली.

ते छायाचित्र आता जुन्याच ओट्यावरच्या भिंतीवर आहे. भाकरी थापताना ती त्याकडे पाहते, मग माझ्याकडे. पुढची थकबाकी ओट्याची, असे मी लिहून दिले आहे.