चाबी फिरवण्याआधी



आमच्याकडे चूल होती तेव्हा सासूबाई प्रत्येक लाकूड फरशीवर दोनदा आपटूनच चुलीत घालायच्या. मुंगी, किडा, जे काही आत असेल ते पडून जावं म्हणून. नवी सून होते, मला हसू यायचं. २०२३ च्या भाद्रपदात मला ती लाकडं फार आठवली, आणि तीही मोटारीमुळे.

यांची मारुती ८००, पांढरी, १९९८ सालची. हे गेल्यापासून अडीच वर्षं ती नंदनवनच्या घराच्या गॅरेजमध्ये तशीच उभी होती. गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०१३ आणि २०१८ चं यांनी स्वतः करून आणलं. आता डिसेंबरात पुन्हा मुदत संपणार होती. फी तेव्हा ६०० ची ५००० रुपये झालेली, आणि तपासणीसाठी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागणार होती. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, भंगारात देऊन टाक. नाहीतर एकदा चाबी फिरवून बघ, सुरू होते का."

मी बी.कॉम. झालेली. घसारा अजून आठवतो. मोटारीवर १५ टक्के, घटत्या बाकीवर. त्या पद्धतीत किंमत दरवर्षी कमी होते, पण शून्य काही होत नाही. माझाही हिशेब तिथेच अडकला होता.

एका सकाळी मंदिरातून आले, यांच्या जागी बसले आणि चाबी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बॅटरी पार मेलेली. खरं सांगते, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी यांचा नेहमीचा मेकॅनिक आला. त्यानं बॉनेट उघडलं, कार्बोरेटरवरचा गोल डबा उघडला आणि थांबला. "काकू, हे तर उंदराचं घर आहे न."

आत यांच्या पिवळ्या फडक्याच्या चिंध्या आणि फिल्टरचा कुरतडलेला कागद, त्यात पाच गुलाबी पिल्लं. डोळेही न उघडलेली. इंजिन सुरू झालं की हवा याच डब्यातून आत ओढली जाते. म्हणजे काल बॅटरी जिवंत असती तर? माझे हातपाय गार पडले. पाणी गाळून पिणारी मी, धान्य निवडल्याशिवाय न दळणारी मी. पण यंत्र दिसलं आणि आत कोणी असेल हे मनातच आलं नाही.

तो म्हणाला, "बाहेर काढून ठेवतो काकू." मी नाही म्हटलं. डबा बंद करून बॉनेट लावायला लावलं. "तीन आठवड्यांनी ये."

"काहून जी? उंदरासाठी?"

"उंदरासाठीच."

पावसाळ्यात जीव वाढतात, म्हणून मुनिमहाराज चातुर्मासात एका जागी राहतात. आपली गाडी तीन आठवडे राहिली तर काय बिघडतं? त्यात दशलक्षण पर्व आलं. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या प्रवचनात, तत्त्वार्थसूत्राचा विषय निघाला. परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, त्या वस्तूविषयीची मूर्च्छा. मला वाटलं, हे माझ्याबद्दलच चाललं आहे. गाडी अडीच वर्षं निपचित होती, पण मूर्च्छा माझी होती.

क्षमावाणीनंतर डबा उघडला. घरटं रिकामं. चार गेली होती, एक तिथेच सुकून पडलं होतं. आपण डबा उघडला म्हणून आईनं त्याला टाकलं, की ते आधीच अशक्त होतं, हे मला कळायला मार्ग नाही. णमोकार म्हटला आणि मातीत ठेवलं.

मग काम सुरू झालं. घाई अजिबात नाही. उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल खाली उतरून जातं. तसंच कोरडं इंजिन फिरवलं तर आतून ओरखडतं. म्हणून त्यानं तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. टाकीतलं पेट्रोल पिवळट झालेलं, वॉर्निशसारखा वास. ते सगळं काढलं. नवं ऑईल, नवे फिल्टर, नवी बॅटरी. नागपूरच्या उन्हानं रबरी नळ्यांना चिरा पडल्या होत्या, त्या बदलल्या. मागचे ब्रेक जाम, ते सोडवले. टायर चारही नवे. खर्च मुलाला अजून सांगितलेला नाही!

आधी प्लगशिवाय स्टार्टर फिरवून ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत पाहिलं. मग प्लग लावले, चोक ओढला. "घ्या काकू, आता चाबी तुम्हीच फिरवा."

तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. निळसर धूर आला, मागोमाग तो आवाज. रोज संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, हे जेवायला घरी पोचायचे तेव्हा फाटकाशी यायचा तोच. तो ऐकला की मी ताट वाढायला घ्यायची. त्या दिवशीही क्षणभर पाय स्वयंपाकघराकडे वळायला निघाले.

मी मुलाला फोनवर तो आवाज ऐकवला आणि म्हटलं, "आता विकून टाकू." बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "राहू दे गं आई."

नूतनीकरण झालं, मेकॅनिकच गाडी घेऊन गेला. माझी मूर्च्छा उतरली असं मी म्हणणार नाही. ५ वर्षांची मुदत तेवढी मिळाली आहे. मला गाडी चालवता येत नाही, सुरू करता येते. दर रविवारी गॅरेजचं दार सताड उघडते, गिअर न्यूट्रलला आहे ना बघते, बॉनेटवर दोनदा थाप मारते, उघडून आत डोकावते. कोणी नाही असं दिसलं की मगच चाबी फिरवते.