इंद्रसभेच्या अंगणात

पर्युषण किंवा महावीर जयंती जवळ आली की गावोगावच्या मंडळांतील तरुणांवर एक काम हमखास येऊन पडते. निमंत्रणपत्रिका, फलक, व्हॉट्सॲपची स्टेटस, इन्स्टाग्रामच्या पोस्ट, सारे चार दिवसांत हवे असते. मग तयार टेम्प्लेट उघडली जातात. तीच सोनेरी चौकट, तोच किरणांचा झोत. नाव बदलले की कोल्हापूरची पत्रिका सोलापूरची होते. नव्या कल्पनेसाठी पडद्यावर भटकण्यापेक्षा अशा तरुणांनी एक दिवस वेरूळला द्यावा.

छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर आहे. बहुतेक प्रवासी कैलास लेणे पाहून परततात; उत्तरेच्या टोकाची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी त्यामुळे बरीच शांत असतात. साधारण नवव्या-दहाव्या शतकांतील ही दिगंबर परंपरेची लेणी आहेत. त्यांतील ३२ क्रमांकाचे दुमजली लेणे म्हणजे इंद्रसभा. अंगणात अखंड पाषाणातील हत्ती, मानस्तंभ आणि मध्यभागी चौमुखी मंदिर. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र मानले, त्यावरून लेण्याला हे नाव पडले. यक्षाच्या डोईवर वटवृक्ष, तर सिंहावर बसलेल्या अंबिकेच्या डोईवर आंब्याचे झाड. एक वाहन आणि एक झाड, एवढ्यावर ओळख पटते.

हाच नियम तीर्थंकरांच्या आणि बाहुबलींच्या मूर्तींत अधिक सूक्ष्म होतो. ध्यानस्थ मुद्रा सर्वांची सारखीच. परंतु मस्तकावर नागफणा दिसला की पार्श्वनाथ, खांद्यांवर केसांच्या बटा रुळल्या की आदिनाथ, अंगाला वेली वेढल्या की बाहुबली. आजचा डिझायनर बोधचिन्हाकडून जी अपेक्षा करतो, ती येथे एका रेषेने हजार वर्षांपूर्वी पूर्ण केली आहे.

पार्श्वनाथांच्या उपसर्गाचा शिल्पपट तर रचनेचा पाठच आहे. भोवती हल्लेखोरांची गर्दी. कोणी रेड्यावर, कोणी सिंहावर. बाजूला छत्र धरलेली पद्मावती. या कल्लोळात मधली आकृती मात्र सरळ, निराभरण, निश्चल उभी आहे. कडेला सारी हालचाल आणि मध्यभागी शांतता, म्हणूनच नजर तेथे ठरते. पोस्टवर सहा फॉन्ट आणि दहा छायाचित्रे दाटीवाटीने बसवणाऱ्याने या शिल्पासमोर थोडा वेळ बसावे. समोरच्या भिंतीवरचे बाहुबली हीच गोष्ट वेलींच्या संथ वळणांतून सांगतात.

वरच्या मजल्याच्या छतावर कोरलेले भव्य कमळ आहे आणि जुन्या चित्रांचे पुसट अवशेषही. लेणे घडवताना कारागिराने काही जोडलेले नाही. नको तेवढा दगड काढून टाकला आहे. उडालेला कपचा पुन्हा बसवता येत नाही, म्हणून प्रत्येक घाव विचारपूर्वक. अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या समाजाला ही पद्धत परकी वाटू नये. अनावश्यक ते वगळणे हाच उत्तम संकल्पनाचाही आरंभ होय.

येथून काय न्यावे, याचाही विवेक हवा. भगवंतांची प्रतिमा छापलेली पत्रिका कार्यक्रमानंतर रद्दीत जाते, फलक पायदळी येतो. हा अविनय टाळावा असे अनेक साधुसंत सांगत आले आहेत. म्हणून प्रतिमेऐवजी वेलीचे वळण, कमळाची पाकळी, आंब्याचा घोस, स्तंभावरची नक्षी वहीत उतरवून घ्यावी. वृषभ, हरिण, शंख, सिंह ही तीर्थंकरांची लांछने तर परंपरेने हाती ठेवलेली चिन्हमालाच आहे. छायाचित्र क्षणात निघते, पण रेषा हाताने काढताना डोळा खरोखर पाहू लागतो.

मंगळवारी लेणी बंद असतात. इतर दिवशी पाणी, वही आणि पेन्सिल घेऊन सकाळीच निघावे. परतताना वहीची दोनचार पाने भरली असतील, तर येत्या पर्वाची पत्रिका कोणाची नक्कल नसेल. ती आपल्याच पूर्वजांच्या छिन्नीशी नाते सांगेल.