आईच्या औषधांची यादी कोणाच्या मोबाइलमध्ये?

आईची शुगरची औषधं आम्ही ऑनलाइन मागवतो. परवा तिथल्याच एका कर्मचाऱ्याने तिला स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. "काकू, पैसे थेट मला पाठवा, स्वस्तात देतो." औषधांची अख्खी यादी त्याला पाठ! आईने फोन ठेवला, पण यादी तर गेलीच ना त्याच्याकडे.

लबाड माणूस काय, कुठल्याही दुकानात निघतो. कंपनी पुढे काय करते ते मी बघतोय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. पोच आली, ठरावीक साच्यातली. त्या माणसाचं काय केलं, यादी आणखी किती जणांना दिसते, यावर चकार शब्द नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवलीय. तोवर औषधं नाक्यावरच्या मेडिकलमधून. सूट गेली तर गेली.