अंजदीव : पाण्यांतली जुनी सरहद्द

आम्हां परभणीकरांस नौकाविहार म्हणजे गंगाखेडास गोदावरीच्या पैलतीरीं जाऊन येणें, एवढाच ठाऊक. सरहद्द मात्र आमच्या वडीलधाऱ्यांच्या चांगली परिचयाची. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यांत होती. इंग्रजी मुलखांतून परततांना करोडगिरीचे शिपाई ट्रंका उघडून लुगड्यांच्या घड्यासुद्धां मोडून पाहत, ही लहानपणची आठवण आमचे काका अजून सांगतात. त्यांना यंदा शहाऐंशीवें वर्ष लागलें. पाण्यांतली सरहद्द एकदां डोळ्यांनीं पाहावयाची, असा त्यांनीं हट्ट धरला, म्हणून हिंवाळ्यांत आम्हीं कारवार गांठलें.

काळी नदी समुद्रास मिळते तेथें, कोडीबागेस, आम्हीं दिवसापुरती एक होडी ठरविली. उजव्या हातास सदाशिवगड मागें पडला आणि नदीच्या पाण्याचा रंग पालटूं लागला. पुढें कूर्मगड. पाठ वर काढून बसलेल्या कांसवाचाच आकार! माथ्यावर नरसिंहाचें देऊळ आहे. पौष पौर्णिमेच्या जत्रेला कोळी लोक होड्या शृंगारून येथें येतात. पलीकडे देवगड बेटावरचा दीपस्तंभ. मुलांना देवळापेक्षां डॉल्फिन माशांचें कौतुक अधिक. त्यांना कोण दोष देईल?

होडी आणखी बाहेर गेली तेव्हां दक्षिणेकडे एक हिरवी रेघ दिसूं लागली. "तें अंजदीव, आजोबा," तांडेल म्हणाला, "पण तिकडे होडी नेतां येत नाहीं."

कारवार १९५६ पर्यंत मुंबईकडे होतें, तर समोरचें हें चिमुकलें बेट १९६१ पर्यंत पोर्तुगालचें. वास्को द गामा येथें १४९८ मध्यें थांबला होता. आल्मेइदानें १५०५ मध्यें किल्ला बांधावयास घेतला. मुंबईच्या इतिहासाचेंही एक करुण पान येथलेंच. आंदणांत मिळालेली मुंबई ताब्यांत घेण्यास आलेल्या इंग्रजांस पोर्तुगीज अधिकाऱ्यानें ती दिलीच नाहीं. तें सैन्य अंजदीवावर येऊन राहिलें आणि रोगराईनें शेंकडों माणसें मेलीं. त्यांचा सेनापति एब्राहम शिपमन १६६४ मध्यें येथेंच वारला. मुंबई हातीं आली ती १६६५ मध्यें, उरलेल्या मूठभरांच्या.

नोव्हेंबर १९६१ मध्यें बेटावरील शिपायांनीं जवळून जाणाऱ्या भारतीय नावांवर गोळ्या झाडल्या व एक जीव गेला. १८ डिसेंबरला आपले नौसैनिक बेटावर उतरले. त्यांपैकीं सात जण कामास आले.

काकांनीं हें सारें शांतपणें ऐकलें. मग विचारलें, "परकी राज्य गेलें, तरी जातां कां येत नाहीं?"

उत्तर सरळ आहे. बेट आजही गोव्याच्या हद्दींत मोडतें, पण २००५ मध्यें सुरू झालेल्या कदंब या नौदलतळाच्या आवारांत तें आलें असून लाटा अडविण्याच्या बांधानें किनाऱ्याला जोडलें आहे. देशाच्या रक्षणापुढें प्रवाशाची हौस ती काय! तथापि बेटावर ब्रोतस मातेचें जुनें चर्च आहे. उत्सवाला पूर्वी भाविक होड्यांनीं जात, त्यांनाही आतां परवानगीवांचून वाट नाहीं. त्यांच्यासाठीं वर्षांतून एखादा दिवस मोकळा ठेवणें कठीण जाऊं नये, असें मला वाटतें.

काका बराच वेळ त्या बाजूस पाहत होते. होडीवरून चर्च दिसत नाहीं, किल्ला दिसत नाहीं; झाडीची कड आणि तिच्याखालीं फुटणारें पांढरें पाणी, एवढेंच. ऊन चढूं लागलें, तेव्हां तांडेलानें होडी कूर्मगडाकडे वळविली.